सामाईक जमीन : वाटप, विक्री आणि आपली सही

दलितांच्या जमिनीचा प्रश्न म्हटला की आपल्यासमोर प्रामुख्याने भूमिहीनांचा प्रश्न उभा राहतो. तो मोठा आहे, यात शंका नाही. परंतु ज्यांची नावे सातबारावर आहेत त्यांच्या हातून जमीन कशी निसटते, याचा विचार आपल्या चळवळीत त्या मानाने कमी झाला आहे. ही जमीन बहुधा एकट्याची नसते. ती भावकीची, तक्षिमदारांची, सामाईक असते. गावचा धनदांडगा किंवा शहराकडून आलेला दलाल सगळ्या भावकीला कधी भेटत नाही. तो अडचणीतल्या एकाला गाठतो. त्याची सही घेतो आणि सगळी जमीन आपली झाली, असे गावभर सांगतो. बाकीचे हिस्सेदार ते खरे मानतात. फसवणूक तिथेच पुरी होते.

महार वतनाच्या जमिनींत हे विशेष दिसते. वतन म्हणजे गावकीच्या आणि सरकारच्या कामाच्या मोबदल्यात, मुळात वेठीच्या मोबदल्यात, मिळालेला तुकडा. तो साऱ्या महारवाड्याचा असे आणि काम पाळीने चाले. ही गुलामगिरी मोडावी म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले होते. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली आणि ठरीव रक्कम भरून घेऊन जमिनी वतनदारांना पुन्हा देण्यात आल्या. वेठ गेली, जमीन राहिली. पण पिढ्या वाढल्या तशी सातबारावरची नावेही वाढली. वाटप मात्र झालेच नाही.

सामाईक मालकी म्हणजे काय, हे आधी समजून घेतले पाहिजे. वाटप होईपर्यंत कोणाही हिस्सेदाराचा अमुक एक तुकडा नसतो. जमिनीच्या प्रत्येक वितीत प्रत्येकाचा हिस्सा असतो. एक भाऊ गावी राहून जमीन कसतो आणि दुसरा मुंबईला गिरणीत किंवा गोदीत गेला, म्हणून दुसऱ्याचा हक्क बुडत नाही. एका हिस्सेदाराचा कब्जा कायद्याने साधारणपणे सगळ्यांच्या वतीनेच समजला जातो. मात्र एखाद्याने 'तुझा काही संबंध नाही' असे उघड सांगून हिस्सा नाकारला, तर मुदतीचा प्रश्न उभा राहतो. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून वगळले गेल्याचे कळल्यापासून बारा वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. म्हणून त्या दिवसापासून गप्प बसणे महागात पडते.

वाटपाचे मार्ग तीन आहेत. पहिला आपसातला. घरातल्या घरात झालेले तोंडी वाटपही कायद्याला मान्य आहे. आधी झालेल्या वाटपाची केवळ आठवण म्हणून लिहिलेल्या कागदाला नोंदणी लागत नाही. परंतु ज्या कागदाने वाटप घडते तो नोंदवावाच लागतो. दुसरा मार्ग महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ८५ चा. सर्व हिस्सेदारांची संमती असेल तर तहसीलदारांकडे अर्ज करून शेतजमिनीचे वाटप करून घेता येते. हा स्वस्त आणि सरळ मार्ग आहे. परंतु हक्काविषयीच वाद निघाला तर दिवाणी न्यायालयात जावे लागते.

तिसरा मार्ग वाटपाच्या दाव्याचा. दाव्यात सर्व हिस्सेदारांना पक्षकार करावे लागते. न्यायालय प्रथम कोणाचा किती हिस्सा ते ठरवते. नंतर शेतसारा भरणाऱ्या जमिनीची प्रत्यक्ष फाळणी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते. हा पहिला हुकूमनामा म्हणजेच जमीन मिळाली, असे समजून कागद पेटीत ठेवणारे पुष्कळ आहेत. तो अर्धाच रस्ता असतो. सरस-निरस पाहून मोजणी आणि ताबा होईपर्यंत काम संपत नाही. ज्या मिळकतीचे तुकडे करणे परवडणारे नसते, ती विकून पैसे वाटावेत, असे १८९३ च्या फाळणी कायद्याखाली न्यायालय सांगू शकते. त्यासाठी निम्मा किंवा अधिक हिस्सा असणाऱ्यांनी तशी मागणी करावी लागते आणि त्या वेळी इतर हिस्सेदारांना त्यांचा हिस्सा विकत घेण्याची संधी असते.

आता विक्री. हिस्सेदाराला आपला अविभक्त हिस्सा सर्वसाधारणपणे विकता येतो; दुसऱ्याचा विकता येत नाही. खरेदीखतात चतुःसीमा घालून रस्त्याकडेचा चांगला तुकडा लिहिला, तरी ते बाकीच्यांवर बंधनकारक नाही. घेणाऱ्याला मिळतो तो फक्त वाटप मागण्याचा हक्क. राहत्या घराच्या बाबतीत तर परक्या खरेदीदाराला घरात सामाईक ताबाही मागता येत नाही. त्याने वाटपाचा दावा लावला तर न्यायालय ठरवील त्या किमतीला त्याचा हिस्सा घेण्याचा हक्क कुटुंबाला आहे. मृत्युपत्राशिवाय वारसाने आलेल्या मिळकतीत एक वारस हिस्सा विकू लागला, तर पहिल्या वर्गाच्या इतर वारसांना तो घेण्याचा अग्रहक्क आहे. हा हक्क शेतजमिनीलाही लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. कुलमुखत्यारपत्रावर विक्री होत नाही, मालकी त्याने जात नाही, हेही त्याच न्यायालयाने २०११ मध्ये सांगितले आहे. तरीसुद्धा विसारपावती आणि कुलमुखत्यारपत्र यांवर सह्या घेण्याचा धंदा चालूच आहे.

बहिणींविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. आपण बौद्ध झालो, तेव्हा हिंदू वारसा कायदा आपल्याला लागू नाही, असा समज अनेकांच्या मनात आहे. १९५६ चा हा कायदा बौद्धांनाही लागू आहे, असे त्यातच लिहिले आहे. २००५ च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला जन्मतः मुलाइतकाच हक्क आला. त्यासाठी २००५ साली वडील हयात असण्याची गरज नाही, असा निकाल २०२० मध्ये झाला. असे असूनही बहिणीचे नाव 'इतर हक्क' या रकान्यात ढकलायचे आणि माहेर तुटेल या भीतीपोटी तिच्याकडून हक्कसोडपत्र घ्यायचे, ही रीत आपण सवर्णांकडून जशीच्या तशी उचलली आहे. समतेची भाषा बोलणाऱ्यांना ती शोभत नाही. शिवाय बहिणीला वगळून केलेले वाटप टिकत नाही, हा व्यवहारही लक्षात ठेवावा.

वतनी जमिनीला आणखी एक अट आहे. ती पुन्हा देताना नवीन व अविभाज्य शर्तीवर दिली गेली. जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय व ठरीव रकमेशिवाय तिची विक्री किंवा सरहद्दी टाकून वाटप करू नये, असे मूळ कायद्यात होते. पुढे नियमांत बदल झाले आहेत, म्हणून व्यवहारापूर्वी आपल्या जमिनीवर आज कोणती शर्त आहे ते सातबारावर पाहावे व तहसील कार्यालयात विचारावे. या अटीचा जाच होतो, हे खरे; पण शर्त मोडून झालेला व्यवहार आव्हानास पात्र असतो, म्हणून कित्येकदा तीच आपली ढालही असते. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याचीही चौकशी करावी.

एवढे सगळे करायला पैसा कोठून आणावा, असा प्रश्न येईल. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका समितीकडे साधा अर्ज पुरतो. बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या दाखल्यावर ही मदत मागता येते.

कार्यकर्त्यांना सुचवावेसे वाटते ते एवढेच. विहारात किंवा समाजमंदिरात एक दिवस सातबारा, फेरफार आणि आठ-अ यांचे उतारे एकत्र वाचा. एकाच भावाच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' असे लिहिलेले असेल, तर ते एकत्र कुटुंबाच्या मॅनेजरचे नाव आहे, एकट्या मालकाचे नव्हे, हे सांगा. फेरफाराची नोटीस आली तर पंधरा दिवसांच्या आत लेखी हरकत घ्या आणि पोच घ्या. फेरफाराने मालकी जन्मत नाही. पण न घेतलेली हरकत पुढे विरुद्ध बाजूचा पुरावा होऊन बसते. आपल्या आज्या-पणज्यांचा अंगठा न वाचता कागदावर उमटला. आपण शिकलो ते त्यांच्या नातवंडांची सही तरी वाचून व्हावी म्हणून.