पावणेचार मीटरची नऊ वर्षे

पानिपतजवळच्या खांद्रा गावातील नीरज चोप्राने २०१६ मध्ये ८६.४८ मीटर भाला फेकून कनिष्ठ गटाचा जागतिक विक्रम केला. नव्वदी ओलांडण्यास मात्र मे २०२५ उजाडावे लागले. वाढ अवघी ३.७५ मीटर! दरम्यान २०१९ मध्ये मुंबईत कोपरावर शस्त्रक्रिया झाली. टोकियोत ८७.५८ मीटरला सुवर्ण मिळाले, तर पॅरिसमध्ये ८९.४५ मीटर फेकूनही रौप्यच. पदक प्रतिस्पर्ध्यांवरही अवलंबून असते. वाढ मात्र स्वतःची असते.

नवी पेढी स्थिरावण्यास किती वर्षे लागतात, हे आपण व्यापारी कुटुंबे जाणतोच. नागऱ्यातील एखाद्या मुलाने वा मुलीने मैदान मागितले, तर पहिल्याच दिवाळीला पदकांचा ताळेबंद मागू नये. दुकानाला देतो तेवढी मुदत अपत्यासही द्यावी.