देवळांच्या वाटा : नदीपल्याडचा मंगेश

गेल्या आठवड्यात आपण नार्व्याच्या सप्तकोटेश्वराकडे गेलो होतो. दिवाडी बेटावरून उठलेल्या त्या देवाला पुढे शिवछत्रपतींसारखा राजा भेटला आणि १६६८ साली त्याचा जीर्णोद्धार झाला. मंगेशाच्या नशिबी राजा नव्हता. त्याला भेटला एक कारभारी, आणि तोही जवळपास पावणेदोनशे वर्षांनी.

मंगेशीला बहुतेक जण पणजीहून फोंड्याच्या रस्त्याने जातात. कमानीशी उतरायचे, फुलांच्या दुकानांमधून चालत जायचे की आलेच देऊळ. सोय आहे, नाही असे नाही. पण ही गोष्ट समजून घ्यायची असेल तर कुठ्ठाळीहून मडकईची फेरीबोट धरावी आणि झुआरी ओलांडून यावे. वाट थोडी वाकडी पडते, पण देवाने ओलांडली ती हीच नदी. जुन्या पोथ्यांत तिचे नाव अघनाशिनी.

कुठ्ठाळी म्हणजे पूर्वीची कुशस्थली, मंगेशाचे मूळ गाव. हे गाव गोव्यातल्या सासष्टीत होते. (ठाण्याकडची साष्टी वेगळी. हा घोटाळा भल्याभल्यांचा होतो.) सासष्टी आणि बारदेश १५४३ पासून पोर्तुगीजांच्या ताब्यात कायमचे गेले. त्याच्या तीनच वर्षे आधी, १५४० साली, तिसवाडीतली देवळे पाडली गेली होती. कुठ्ठाळीकरांना हे ऐकून माहीत असण्याची गरजच नव्हती, तिसवाडीचा किनारा समोर दिसतो. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन सुरू झाले आणि परंपरा सांगते की त्याच वर्षी मंगेशाचे लिंग नदीपार अंत्रुज महालात, प्रियोळ गावच्या हद्दीत नेले. सासष्टीतल्या देवळांवर खरा घाला पडला तो १५६७ साली. म्हणजे गावकरी सात वर्षे आधी निघाले. याला मी श्रद्धेइतकेच व्यवहारज्ञान म्हणेन. अंत्रुज म्हणजे आजचा फोंडा तालुका. तेव्हा तो विजापूरच्या आदिलशहाकडे होता. पाद्र्यांच्या धाकाने निघालेला देव सुलतानाच्या मुलखात सुखाने राहिला, हे शाळेच्या पुस्तकातल्या सरळ रेघांत बसत नाही. पण झाले ते असे.

तो एकटाही नव्हता. वेर्ण्याची म्हाळसा मार्दोळला आली, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, लोटलीचा रामनाथ बांदिवड्याला, रायची कामाक्षी शिरोड्याला. फोंड्याच्या परिसरात देवळांची जी दाटी दिसते ती पुण्यभूमीची म्हणून नव्हे. एका काठावरची वस्ती दुसऱ्या काठावर आली म्हणून ती दाटी आहे.

मंगेश हे नाव कसे पडले याची कथा गोव्यात शेंबडे पोरही सांगते. कैलासावर द्यूतात शिव पार्वतीकडून सर्वस्व हरला आणि रुसून दक्षिणेला आला. पार्वती शोधत आली तेव्हा त्याने वाघाचे रूप घेऊन तिला घाबरवले. ती ओरडायला गेली ‘त्राहि मां गिरीश’, आणि त्यातल्या ‘मां गिरीश’चा झाला मांगिरीश, पुढे मंगेश. व्युत्पत्तीचे पंडित यावर हसतील. मला मात्र या कथेत गंमत वाटते ती वेगळीच : हा देव मुळातच घर सोडून आलेला. कुठ्ठाळी सोडणे ही त्याची दुसरी खेप.

आता त्या कारभाऱ्याबद्दल. रामचंद्र मल्हार सुखठणकर, म्हणजे मराठ्यांच्या इतिहासातले रामचंद्रबाबा शेणवी, हे मंगेशाचे भक्त. त्यांच्या शब्दावरून पेशव्यांनी १७३९ साली मंगेशी गाव देवस्थानाला इनाम दिले. साल लक्षात घ्या. त्याच वर्षी वसई पडली आणि मराठ्यांची फौज गोव्याच्या सासष्टीतही उतरली होती. देव मात्र परत कुठ्ठाळीला गेला नाही. पुढे १७६३ च्या सुमारास फोंडा महालही पोर्तुगीजांनी घेतला, म्हणजे ज्यांना टाळून नदी ओलांडली ते शेवटी दारात आले. पण तोवर दोनशे वर्षे लोटली होती, राज्य करण्याची रीत बदलली होती, आणि या नव्या मुलखातल्या देवळांना हात लागला नाही.

देऊळ पाहताना परगावचा माणूस हमखास म्हणतो, ‘हे चर्चसारखं का दिसतं?’ घुमट, कमानदार खिडक्या, सभामंडपातली काचेची झुंबरे यांमुळे तसे वाटते खरे. गवंडी आसपास जे पाहतो तेच त्याच्या हातात उतरते. त्यात लाजण्यासारखे काही नाही. पुढ्यातला सात मजली दीपस्तंभ मात्र अस्सल इथला. या आवारातली सर्वांत जुनी गोष्ट म्हणजे तळी. देवळाची डागडुजी आणि पुनर्बांधणी अनेकदा झाली, अलीकडची मोठी १८९० ची. सोन्याचा कळस तर १९७३ साली चढला.

आणि अग्रशाळा. मला इथे सर्वांत बोलकी वाटते ती हीच. गावातल्या देवळाला राहायच्या खोल्या कशाला लागतात? भक्त घरी जाऊन झोपतील. पण मंगेशाचे महाजन (देवळाच्या कारभारातले वंशपरंपरागत हक्कदार) आणि कुळावी (ज्यांचा तो कुलदेव) कारवार-मंगळूरपासून मुंबईपर्यंत पांगलेले. त्यांना देवाकडे यायचे म्हणजे मुक्कामालाच यायचे. या महाजनकीचे कायदेशीर नियम पोर्तुगीज सरकारने १८८६ साली केले. देवळाचा कारभार कोणाचा, हा वाद तेव्हापासून कागदावर आला आणि अजून तिथून उठलेला नाही.

ही पांगलेली मंडळी एकत्र येतात ती माघात. रथसप्तमीला, माघ शुद्ध सप्तमीला, जत्रा सुरू होते आणि पौर्णिमेला संपते. रोज मिरवणूक, शेवटी महारथ. अग्रशाळेत तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. ज्यांची गाठ एरवी लग्नातही पडत नाही ते चुलत-मावस इथे एका पंक्तीला बसतात. नवरात्रात अंत्रुजातल्या देवळांत मखर असते. देवाला सजवलेल्या मखरात बसवून ते वाद्यांच्या तालावर झुलवतात. घाटावर हा प्रकार नाही. पाहणारा पहिल्यांदा बिचकतो, मग त्याचीही मान डोलू लागते.

इथल्या उत्सवांना गळा दिला तो देवळाशी बांधलेल्या कलावंत घराण्यांनी. त्यांच्या वाट्याला देवाची सेवा आली, समाजाचा मान आला नाही. दीनानाथ मंगेशकर १९०० साली याच गावात जन्मले. आई येसूबाई कलावंत समाजातल्या, वडील देवळातले पुजारी. आडनाव त्यांनी गावाचे घेतले. आज ते नाव देवापेक्षा दूरवर ऐकू जाते आणि मंगेशाची त्याला काही हरकत असेल असे वाटत नाही.

जत्रेची गर्दी सोसत नसेल तर सोमवारी जा. दर सोमवारी रात्रीच्या आरतीआधी पालखी वाजतगाजत देवळाभोवती फिरते. तळीच्या कट्ट्यावर बसलात तर सगळे नीट दिसेल. मार्दोळ तिथून हाकेवर आहे. पुढच्या आठवड्यात म्हाळसेकडे.