धानाच्या जिल्ह्यातले मॅग्नेशियम

भंडारा म्हटले की तलाव, धान आणि पितळेची भांडी आठवतात. तुमसर तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणींमुळे त्यात मँगनीजचीही भर पडली. मँगनीज आणि मॅग्नेशियम ही दोन वेगळी मूलद्रव्ये. पण नावांमुळे भलेभले गोंधळतात. दोन्ही नावे ग्रीसमधील मॅग्नेशिया या प्रदेशावरून आली. 1808 साली हम्फ्री डेव्हीने मॅग्नेशियम वेगळे केले तेव्हा हाच घोळ टाळण्यासाठी त्याने आधी 'मॅग्नियम' असे नाव सुचवले होते. ते टिकले नाही, घोळ मात्र टिकला!

आपल्याला रोज लागणारे मॅग्नेशियम खाणीत नाही, धानाच्या बांधीत आहे. प्रौढ माणसाच्या शरीरात ते जेमतेम 25 ग्रॅम असते. त्यातले निम्म्याहून अधिक हाडांत, आणि रक्तद्रवात एक टक्क्याहूनही कमी. म्हणूनच रक्ताचा अहवाल ठीक आला तरी शरीरातला साठा भरलेला असेलच असे नाही. स्नायू आकुंचन पावल्यावर सैल होणे, हृदयाचे ठोके नियमित पडणे, अन्नातून ऊर्जा मिळणे ही कामे त्याच्यावाचून अडतात. गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके येतात, तेव्हा डॉक्टर मॅग्नेशियम सल्फेटचेच इंजेक्शन देतात. त्याने कितीतरी बाळंतिणींचे प्राण वाचले आहेत.

दिवसाची गरज साधारण 300 ते 400 मिलिग्रॅमची. आता आपल्या ताटाकडे पाहा. हातसडीच्या 100 ग्रॅम तांदळात मॅग्नेशियम 100 मिलिग्रॅमच्या आसपास असते. पांढराशुभ्र पॉलिश केला की 20-30 उरते. बाकीचे कोंड्याबरोबर जाते. चिन्नोरचा वास कितीही सुटो, गिरणीत जास्त घासलेला दाणा या बाबतीत गरीबच. घरोघरी उखळ-मुसळ होते तेव्हा दाणा इतका उघडा पडत नसे. अर्थात त्या कांडणाने बायकांचे हात भरून येत, तेव्हा त्या दिवसांचे गोडवे फार गाण्यात अर्थ नाही. गिरणीवाल्याला 'पॉलिश कमी ठेवा' एवढे सांगता येते.

आणखी एक ठेवा बांधीतच आहे. धान उभे असतानाच ओलीवर लाखोळी, जवस फेकून उतेरा घेण्याची इथली जुनी रीत. जवसात 100 ग्रॅमला 350 मिलिग्रॅमहून अधिक मॅग्नेशियम असते. तीळ, हरभरा, चवळाई, पालक यांतही ते चांगले मिळते. लाखोळीचे प्रमाण मात्र सांभाळावे. दुष्काळात तिच्यावरच पोट भरणाऱ्यांचे पाय लुळे पडल्याचे मध्य भारताने पाहिले आहे.

पोटरीत गोळा आला की हल्ली लगेच गोळ्यांची बाटली आणली जाते. गोळा येण्याची कारणे अनेक असतात, आणि निरोगी, चौरस जेवणाऱ्या माणसात ही कमतरता सहसा तीव्र होत नाही. दीर्घ जुलाब, दारूचे व्यसन, आटोक्यात नसलेला मधुमेह, लघवी वाढवणारी काही औषधे किंवा आम्लपित्ताच्या काही गोळ्या वर्षभर घेणे, अशा ठिकाणी डॉक्टरांना अवश्य विचारावे. ज्यांचे मूत्रपिंड अधू आहे त्यांनी तर मॅग्नेशियमची गोळी किंवा ते असलेले रेचक मनाने घेऊच नये; जादा झालेले बाहेर टाकणे त्यांच्या शरीराला जमत नाही.

घरच्या घरी करायचे ते सोपे आहे. जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजावे, लसूण, तिखट, मीठ घालून कुटावे. अख्खा दाणा न पचताच बाहेर पडतो, म्हणून कुटायचा कंटाळा करू नये. चटणी थोडी थोडीच करावी. फार दिवस ठेवली तर खवट होते.