खटक्याच्या चाकूची मूठ

कळ दाबताच पाते उघडणाऱ्या जुन्या अमेरिकी चाकूची ओळख पटते पात्याच्या बुडाशी असलेल्या शिक्क्यावरून. न्यूयॉर्क राज्यातल्या वॉल्डनच्या श्रेड कंपनीच्या चाकूवर ‘श्रेड वॉल्डन’ असेल, तर तो १९४६ किंवा त्यानंतरचा.

खरी परीक्षा मात्र मुठीची. ती बहुधा सेल्युलॉइडची, म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापराची. काळाबरोबर हे प्लास्टिक विघटित होते, नायट्रोजनची ऑक्साइडे सोडते आणि हवेतल्या ओलाव्यात त्यांचे नायट्रिक आम्ल बनते. मग पाते गंजते, आणि पेटीतले शेजारचे चाकूही! मुठीला तडे गेले, घाम फुटल्यासारखी ओल दिसली किंवा झोंबणारा वास आला, की तो चाकू लगेच वेगळा, हवेशीर जागी ठेवावा. आचेजवळ तर नकोच. सेल्युलॉइड भडकन पेटते.

पाते अडखळते ते पुष्कळदा घट्ट झालेल्या जुन्या तेलामुळे. साफ करून थेंबभर पातळ तेल पुरते. तुटलेली स्प्रिंग बदलता येते, पण विकताना ते सांगायलाच हवे. पाते घासून चकचकीत करणे मला मुळीच पटत नाही. त्यात कारखान्यातली मूळ झळाळी आणि शिक्क्याची धार जाते, शिवाय किंमतही उतरते. जाणकार संग्राहक पूर्ण रुंदीच्या, न झिजलेल्या पात्याला आणि अखंड मुठीलाच जास्त पैसे मोजतात.