नळी निघाली, मूत्राशय अजून थकलेलंच

घरचं मांजर : लेखांक ७

मागच्या आठवड्यात लघवी तुंबलेल्या बोक्याला आपण दवाखान्यात पोचवलं. भूल देऊन कॅथेटर घातला, सलाइन लावलं, रक्तात चढलेलं पोटॅशियम उतरलं, हृदयावरचं संकट टळलं. साधारण एक ते तीन दिवसांनी ती नळी काढतात आणि घरच्यांना वाटतं, सुटलो. माझ्या मते मात्र खरं लक्ष इथून पुढे ठेवायचं असतं. वाट मोकळी झाली, तरी लघवी बाहेर ढकलणारा स्नायू कामावर रुजू झालेला असेलच असं नाही.

मूत्राशयाच्या भिंतीतल्या स्नायूपेशी एकमेकींना घट्ट जोडलेल्या असतात. आकुंचनाचा इशारा एकीकडून दुसरीकडे जातो, म्हणून सगळी पिशवी एका वेळी आवळते. लघवी अडून ही पिशवी तासन्‌तास तट्ट फुगलेली राहिली की पेशींमधले सांधे सुटतात. मग इशारा येतो, पण भिंतभर पसरत नाही. ही ढिलाई बहुधा कायमची नसते. सांधे पुन्हा जुळतात, कुणाचे काही दिवसांत, कुणाचे दोन-तीन आठवड्यांत. मात्र तेवढ्या काळात पिशवी पुन्हा फुगता कामा नये. म्हणूनच डॉक्टर कधी नळी आणखी काही दिवस ठेवतात, कधी पोटावरून हलक्या हाताने दाबून दिवसातून तीन-चार वेळा लघवी काढतात. अशा वेळी ‘नळी काढा आणि घरी सोडा’ म्हणून त्यांच्यामागे लागू नये. बिल वाढत असतं, बोका गळ्यातल्या प्लास्टिकच्या कॉलरने वैतागलेला असतो, हे सगळं खरं. पण स्नायूला विश्रांती मिळते ती याच दिवसांत.

दाबून लघवी काढणं डॉक्टरांनी हात धरून शिकवल्याशिवाय घरी करू नका. वाट बंद असताना जोर दिला तर मूत्राशय फुटू शकतं.

घरी आल्यावर सगळ्यात फसवणारी गोष्ट म्हणजे ओली चादर. बोका झोपला होता तिथे ओल दिसते आणि घरात आनंद होतो, शू होतेय! पण मूत्राशय काठोकाठ भरून थेंब थेंब गळत असेल तरी चादर ओलीच होते. त्याच्या शेपटीखालचे केस सतत भिजलेले आहेत का, ते बघा. ट्रेमध्ये बसून त्याने एका दमात धार सोडली का, लिटरचा गोळा चांगला मोठा झाला का, हेही बघा. दिवसाकाठी असे दोन-चार गोळे दिसले तर स्नायू कामाला लागला असं समजायचं. चण्याएवढे दहा-बारा गोळे दिसले तर नाही. तो वारंवार ट्रेमध्ये जाऊन कुंथतोय, पण मूत्राशय रिकामं आहे, असंही होतं; ती आतली सूज असते आणि त्यावर वेदनाशामक लागतं. मूत्राशय मोठं पण मऊ लागलं तर स्नायूची ढिलाई, मोठं आणि टणक लागलं तर पुन्हा अडथळा. हा फरक डॉक्टरांच्या बोटांना कळतो, त्यामुळे शंका आली की तपासून घेणंच बरं.

औषधांचंही तसंच. बेथानिकॉल स्नायूला आवळायला लावतं, पण वाट मोकळी असल्याची खात्री असेल तरच. नाहीतर बंद दारावर धक्के दिल्यासारखं होतं. प्राझोसिन मूत्रनलिका सैल करण्यासाठी वर्षानुवर्षं दिलं जातं, मात्र अलीकडच्या अभ्यासांत त्याने पुन्हा तुंबणं टळतं असं दिसलेलं नाही. अँटिबायोटिकचा आग्रह धरू नका. तरुण बोक्यांमध्ये तुंबण्याचं मूळ बहुतेक वेळा जंतुसंसर्गात नसतं. कल्चरमध्ये जंतू सापडले तर डॉक्टर देतीलच. आणि दुखतंय म्हणून आपल्या डब्यातली पॅरासिटामॉल? अजिबात नाही. मांजराला तिचा तुकडाही जिवावर बेतू शकतो.

पुन्हा तुंबण्याची भीती पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त. त्या दिवसांत त्याला एका शांत खोलीत, त्याच्या एकट्याच्या ट्रेसह ठेवा, म्हणजे कुणाचा गोळा कुठला हा घोळ होत नाही. ओलं खाणं द्या, त्यात थोडं कोमट पाणी कालवा. तो ट्रेमध्ये बसून ओरडतोय, उलट्या करतोय, किंवा सात-आठ तासांत एकही गोळा नाही, तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी निघा.

वारंवार तुंबणाऱ्या बोक्यांसाठी मूत्रमार्ग रुंद करायची शस्त्रक्रिया असते. तिच्याबद्दल पुढच्या लेखात.