घरांतील आग आणि अग्निशामक नळकांडें

महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां आगीच्या नुकसानीचे पुष्कळ पंचनामे माझ्या हातून लिहिले गेले. घर जळालें, कडबा जळाला, जनावर होरपळलें, नुकसान अमुक रुपयांचें, असें लिहून पंचांच्या सह्या घेतल्या कीं कागद पुरा होई. त्यांपैकीं एक पंचनामा मात्र अद्याप मनांतून जात नाहीं. सणाचा दिवस होता. कढईंतील तेल पेटलें. घाबरून त्यावर तांब्याभर पाणी ओतलें गेलें. जाळ आढ्याला लागला आणि तेथून लगतच्या गोठ्यावरील गवताला. घरधनिणीचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले व एक बैल दाव्यालाच मेला. दुसरे दिवशीं मोजदाद करीत असतां शेगडीच्या पलीकडील भिंतीवर एक अग्निशामक नळकांडें काळें होऊन लोंबकळत असलेलें दिसलें. त्याची खीळ जागच्या जागीं होती. घरधनी म्हणाला, "आणलं होतं हो भाऊसाहेब, पण त्याच्या अन् माझ्या मधी जाळच उभा ऱ्हायला."

नळकांडें विकत घेणें हें निम्मेंच काम होय. तें कोणतें घ्यावें, कोठें ठेवावें व कसें चालवावें हें ठाऊक असणें हें उरलेलें निम्में. तेवढ्याचाच विचार या लेखांत केला आहे.

निवड

सर्व आगी एका जातीच्या नसतात. लांकूड, कापड, कागद, गवत यांची आग 'ए' वर्गाची. पेट्रोल, डिझेल, रॉकेल यांची 'बी' वर्गाची. स्वयंपाकाच्या गॅससारख्या वायूची 'सी' वर्गाची. आणि तापलेल्या खाद्यतेलाची 'एफ' वर्गाची. नळकांड्यावर जीं अक्षरें छापलेलीं असतात तीं याच वर्गांचीं. सामान्य शेतकऱ्याच्या घराला कोरड्या भुकटीचें 'एबीसी' नळकांडें सोयीचें. विजेच्या पेटीला किंवा मोटारीच्या स्टार्टरला आग लागल्यासही तें चालतें. मात्र शक्य असल्यास आधीं मेन स्विच बंद करावा. विजेच्या आगीवर पाणी कधींही मारूं नये.

कार्बन डायॉक्साइडचें नळकांडें विजेच्या सामानाला चांगलें व मागें घाण न ठेवणारें आहे. परंतु बंद खोलींत त्याच्या वायूनें माणसाचा श्वास कोंडतो, आणि त्याचा कर्णा इतका गार पडतो कीं उघड्या हातानें धरल्यास कातडी भाजल्यासारखी होते.

खरेदी करितांना भारतीय मानक १५६८३ हा क्रमांक व आय. एस. आय. चा शिक्का पाहून घ्यावा. घराला ४ किंवा ६ किलोचें माप ठीक. हा आंकडा आंतील भुकटीचा असून पात्राचें वजन त्याहून निराळें असतें. म्हणून घरांतील स्त्रियांनीं तें दुकानांतच उचलून पाहावें. आग लागेल त्या वेळीं घरीं बहुधा त्याच असतात. पूर्वीं कचेऱ्यांतून भिंतीवर सोडा-ॲसिडचीं उलटीं करून वापरावयाचीं लाल शंकूसारखीं नळकांडीं असत. तीं आतां वापरांतून गेलीं आहेत. जुन्या मालांतून कोणी स्वस्त देऊं केल्यास घेऊं नयेत.

जागा

नळकांडें शेगडीच्या वर किंवा पलीकडे टांगूं नये. स्वयंपाकघरांतून बाहेर पडण्याच्या वाटेवर, दाराजवळ, हात सहज पोहोंचेल अशा उंचीवर टांगावें. त्याच्यापुढें पोत्यांची थप्पी किंवा फवारणीचा पंप येऊं देऊं नये. वरील पंचनाम्यांतील घरीं नळकांडें दाराशीं असतें, तर निदान हातांत तरी आलें असतें.

वापर

प्रथम माणसें बाहेर काढावीं, जनावरांचीं दावीं सोडावीं अगर कापावीं, आणि कोणास तरी १०१ किंवा ११२ वर फोन करावयास सांगावें. आग केराच्या टोपलीएवढी असेल तोंवरच नळकांड्याचा भरंवसा. धूर खोलीभर पसरला असेल किंवा आग छताला लागली असेल, तर आंत राहूं नये.

दार पाठीशीं ठेवून ६ ते ८ फुटांवर उभें राहावें. खीळ उपसावी, नळीचें तोंड आगीच्या बुडाशीं रोखावें, दांडा दाबावा, आणि अंगण झाडल्याप्रमाणें झोत डावीकडून उजवीकडे फिरवावा. ज्वाळेच्या शेंड्यावर मारलेली भुकटी वाया जाते. उघड्यावर असल्यास, उफणतांना आपण वारा पाहतों तसा पाहून तो पाठीशीं घ्यावा. घरगुती मापाचें नळकांडें अर्ध्या मिनिटाच्या आंतच रिकामें होतें, म्हणून नेम धरल्यावांचून दांडा दाबूं नये. आग विझली तरी तिच्याकडे पाठ न करितां मागें सरावें. ती पुन्हां पेट घेते.

तीन ठिकाणीं विशेष सावध असावें. कढईंतील तेल पेटल्यास गॅस बंद करून कडेनें झांकण सरकवावें व तें निवेपर्यंत काढूं नये. पाणी तेलाखालीं जाऊन क्षणांत वाफ होतें व जळतें तेल उडवितें. जवळून मारलेल्या भुकटीच्या झोतानेंही तेल उसळतें. गॅसची ज्वाळा रेग्युलेटर बंद करूनच विझवावी. नुसती ज्वाळा विझली व गळती चालू राहिली, तर हवेहून जड असा तो वायू जमिनीलगत सांचून स्फोट होतो. नुसता वास आल्यास विजेचें बटण न दाबतां दारें-खिडक्या उघडून बाहेर यावें व १९०६ वर कळवावें. तिसरें, कडब्याची गंजी. भुकटी वरचा जाळ मारते, परंतु आंतील धग तशीच राहते. तेथें पुष्कळ पाणीच हवें. गोठ्याजवळ भरलेलें पिंप व बादल्या ठेवाव्या, आणि गंजी घरापासून दूर रचावी.

देखभाल

दर महिन्यास नळकांड्याच्या चकतीचा कांटा हिरव्या पट्ट्यांत आहे कीं नाहीं, खीळ व तिचें सील शाबूत आहे कीं नाहीं, नळींत गांधीलमाशीनें घर केलें आहे काय, हें पाहावें. कार्बन डायॉक्साइडच्या नळकांड्यास अशी चकती नसते. तें वजनावर तपासावें लागतें. क्षणभर जरी दांडा दाबला तरी नळकांडें पुन्हां भरून आणावें, कारण राहिलेला दाब हळूहळू उतरतो.

भरण्याची मुदत आली म्हणजे जुनी भुकटी वाया घालवूं नये. गांवच्या सोसायटीनें सभासदांचीं नळकांडीं एका दिवशीं खळ्यावर आणवावीं, पालापाचोळ्याचा लहानसा जाळ करावा, आणि बायकामुलांसह सर्वांनीं एकेकदां खीळ उपसून पाहावी. यास १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह योग्य आहे. १४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या गोदींत 'फोर्ट स्टिकीन' या जहाजावर आग लागून स्फोट झाला व ती विझविण्यास गेलेले अनेक जवान प्राणास मुकले. त्यांच्या स्मरणार्थ तो पाळतात. आपल्याकडेही त्याच सुमारास कडबा घरीं येऊन पडलेला असतो.

पंचनाम्यानें जळालेली वस्तु परत येत नाहीं, हें तो लिहिणारास पुरतें ठाऊक असतें. तरी कृषिबंधूंनीं हा अंक मिटण्यापूर्वीं उठून आपल्या घरचें नळकांडें कोणत्या भिंतीवर आहे तें पाहून यावें. शेगडीपलीकडे असल्यास आजच दाराशीं आणावें, आणि नसल्यास पुढील बाजारीं घेण्याचें ठरवावें, अशी विनंती आहे.