नावे अनेक, नोंद एक

भिंगारहून पाथर्डी रस्त्याने निघाले की डोंगरावर एक अष्टकोनी, तीन मजली दगडी वास्तू दिसते. कोणालाही विचारा, ‘चाँदबीबीचा महाल’ हेच उत्तर मिळेल. प्रत्यक्षात तो महाल नाही, निजामशाहीतील मंत्री सलाबतखान याची कबर आहे. पण रिक्षावाल्याला ‘सलाबतखानाच्या कबरीकडे चल’ म्हणून पाहा, तो आणखी चौघांना विचारील! दोन्ही नावे एकाच वास्तूची, आणि त्यातले चुकीचे नाव जास्त चालते, हे आपल्याला सहज कळते. संगणकाला कळत नाही. त्याच्या लेखी त्या अक्षरांच्या दोन वेगळ्या ओळी असतात.

शहराचेच घ्या ना. बोलताना आम्ही ‘नगर’ म्हणतो. जुन्या ग्रंथांत, गॅझेटियरमध्ये, दस्तऐवजांत अहमदनगर आहे. २०२४ पासून अधिकृत नाव अहिल्यानगर झाले. नावाच्या वादात मला आज शिरायचे नाही. प्रश्न एवढाच, की उद्या एखादी विद्यार्थिनी नुसते ‘अहिल्यानगर’ लिहून महाजालावर शोध घेईल, तेव्हा मागच्या पाचशे वर्षांची पुस्तके तिला कोण दाखवणार?

यावर एक उपाय फार पूर्वीच सुचवला गेला आहे. ज्या टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली वर्ल्ड वाइड वेबची कल्पना मांडली, त्यांनीच दोन सहकाऱ्यांसह २००१ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात ‘सिमँटिक वेब’वर लेख लिहिला. सिमँटिक वेब म्हणजे अर्थाचे जाळे. आजची संकेतस्थळे माणसांनी वाचण्यासाठी असतात, त्यांतली माहिती यंत्रालाही जोडता यावी अशी मांडा, असे त्यांचे म्हणणे.

मी संगणकतज्ज्ञ नाही, बी.ए.ला मराठी शिकलेला माणूस. पण ही युक्ती मला व्याकरणासारखी वाटते. माहिती तीन भागांच्या छोट्या वाक्यात बसवायची. कोण, कोणते नाते, कोणाशी. ‘एकनाथ, गुरू, जनार्दनस्वामी.’ झाले एक वाक्य. शिवाय प्रत्येक व्यक्तीला, गावाला, पुस्तकाला आणि नात्यालाही एक कायमचा क्रमांक द्यायचा. शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. सातबाऱ्यावरचे मालकाचे नाव बदलते, गट नंबर तोच राहतो. नगर, अहमदनगर, अहिल्यानगर या त्या क्रमांकाला चिकटवलेल्या चिठ्ठ्या. कोणतीही चिठ्ठी वाचली तरी माणूस त्याच नोंदीवर पोहोचतो.

आता आमच्या जिल्ह्यातले उदाहरण देतो. श्रीगोंद्याचे संतकवी शेख महंमद, ‘योगसंग्राम’चे कर्ते. कोणी त्यांना मुहम्मद लिहितो, कोणी महंमदबाबा म्हणतो. इंग्रजीत तर स्पेलिंगांचा बाजारच आहे. परंपरा सांगते की त्यांचे गुरू चांद बोधले. दुसऱ्या एका परंपरेप्रमाणे चांद बोधले हेच जनार्दनस्वामींचेही गुरू. ही वाक्ये वेगवेगळ्या पुस्तकांत विखुरलेली आहेत. ती एका साठ्यात आली की यंत्र आपोआप जोडून दाखवते, की नाथांचे गुरू आणि श्रीगोंद्याचे शेख महंमद हे गुरुबंधू ठरतात! आता या गुरुपरंपरेविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. त्याचीही सोय आहे. प्रत्येक विधानाला ‘हे कोण म्हणतो’ अशी आधाराची नोंद जोडता येते, आणि परस्परविरोधी दोन विधाने शेजारी शेजारी नांदू शकतात. आपल्या परिसंवादांत हे क्वचितच जमते, म्हणून मला या यंत्राचे कौतुक वाटते.

माझा प्रस्ताव असा : मराठी कवितेचा असा खुला डेटाबेस उभा राहावा. कवी, शाहीर, संग्रह, नियतकालिके आणि त्यांची नाती. १९०९ साली ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली. तेव्हापासून किती कवी एका अंकात चमकून गेले आणि रद्दीबरोबर नाहीसे झाले! त्यांच्या कविता साठवायच्या नाहीत, तिथे स्वामित्वहक्काचा प्रश्न येतो. फक्त नोंद करायची. कवितेचे शीर्षक, अंक, वर्ष, पान, कवी. यावर कोणाची हरकत असू नये.

माझ्यासारख्याला याची निकड जरा अधिक वाटते, कारण माझा एक कवितासंग्रह मी एका ग्रंथालयात उर्दूच्या कपाटात पाहिला आहे. पुस्तक मराठी, लिपी देवनागरी, नाव मात्र माझे. चांगल्या डेटाबेसमध्ये ‘भाषा’ हा पुस्तकाचा गुण असतो. तो लेखकाच्या नावावरून ठरत नाही. शाहीर अमर शेख यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल, गाव बार्शी. त्यांची कन्या मल्लिका अमर शेख, आणि त्यांचे पती नामदेव ढसाळ. शाहिरीपासून दलित पँथरच्या कवितेपर्यंतची वाट एका घरातून गेली, हे मराठीच्या कोणत्या कपाटात बघायचे?

मग हे बांधायचे कुठे? विकिपीडियाच्या परिवारातला ‘विकिडेटा’ २०१२ साली सुरू झाला. त्यात आज दहा कोटींहून अधिक नोंदी आहेत आणि ती माहिती कोणीही, कशासाठीही वापरू शकतो. मोठ्या कवींच्या नोंदी तिथेच सुधाराव्यात. पण एकाच दिवाळी अंकात दोन कविता छापून आलेल्या शिक्षकाला तिथे जागा मिळेलच असे नाही, कारण नोंदीला भक्कम जाहीर आधार लागतो. म्हणून आपले वेगळे घर हवे. त्यासाठी नवी आज्ञावली लिहायची गरज नाही. विकिडेटा ज्यावर चालतो ते ‘विकिबेस’ खुले आहे, फुकट आहे, आणि त्यातून विकिडेटाशी दार उघडे ठेवता येते.

खुलेपणावर माझा भर आहे त्यालाही कारण आहे. अमेरिकेत २००७ साली ‘फ्रीबेस’ नावाचा असाच साठा सुरू झाला. २०१० साली गूगलने तो चालवणारी कंपनी विकत घेतली आणि २०१६ साली तो बंद केला. लोकांनी हौसेने भरलेली माहिती पार बुडाली नाही, कारण तिचा परवाना खुला होता. त्यातला काही भाग विकिडेटात नेता आला. आपल्याकडे एखाद्या संस्थेचा सर्व्हर बंद पडला की वीस वर्षांचे काम जाते आणि कोणाला हळहळही वाटत नाही.

खरे कष्ट भरण्याचे आहेत. महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी एकेक नियतकालिक वाटून घ्यावे. नगर जिल्ह्याने आपल्यापासून सुरुवात करावी. जुन्या ग्रंथालयांत दिवाळी अंकांचे गठ्ठे पडून आहेत, अनुक्रमणिकेचे फोटो मोबाइलवर काढता येतात. पहिल्या वर्षी कवी, अंक आणि वर्ष एवढेच तीन रकाने पुरेत. जात आणि धर्म यांचे रकाने मुळीच ठेवू नयेत. कवीने स्वतः कुठे लिहून ठेवले असेल, तर त्या लेखनाचा आधार देऊन नोंदवावे, आडनावावरून कोणीही अंदाज बांधू नये. आणि टोपणनावाने लिहिणारा कवी हयात असेल, तर त्याच्या संमतीवाचून खऱ्या नावाची जागा रिकामीच राहू द्यावी.